गाडीचा ताप व त्याचें निदान

आयुर्वेदांत चिकित्सेच्या आधीं निदान सांगितलें आहे. औषध सुचविणें कोणासही जमतें. प्रत्येक घरांत एखादा काढा, एखादी मात्रा कोणाला तरी ठाऊक असतेच. परंतु रोग कोणता, तो कशामुळें झाला आणि अमुकच कां, तमुक कां नव्हे, हें ठरवावयास धीर लागतो. हा विचार गेले कांहीं महिने आमच्या मनांत घोळत आहे तो मात्र मनुष्याच्या तापावरून नव्हे. आमच्या मोटारगाडीच्या तापावरून.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व पुढें संस्कृताचें. सारा जन्म शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत गेला. अशा मनुष्यानें यंत्राविषयीं लिहावें याचें कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु आज पुष्कळ एकत्र कुटुंबांचा संसार एका गाडीवर चाललेला असतो. वृद्धांस दवाखान्यांत नेणें, मुलांस शाळेंत पोंचविणें, लग्नमुंजीस जाणें, हें सर्व तिच्यावर. आणि ती भर रस्त्यांत तापून उभी राहिली म्हणजे मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत बसण्यावांचून गत्यंतर नसतें. तेव्हां तिच्या या एका रोगाचें ज्ञान घरांतील शहाण्या माणसांनीं करून घ्यावें, असें आम्हांस वाटतें. त्यास इंजिनियर असावें लागत नाहीं. क्रमानें विचार करण्याची संवय असली म्हणजे पुरें.

इंजिनांत पेट्रोल जळतें, परंतु त्या उष्णतेचा थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता कांहीं धुराबरोबर जाते व बरीचशी इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या कूलंटमध्यें उतरते. हें कूलंट पंपाच्या जोरावर फिरत असतें. तें सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे थर्मोस्टॅट नांवाची झडप उघडते आणि तें गाडीच्या तोंडाशीं असलेल्या रेडिएटरांत जाऊन निवून परत येतें. रेडिएटरास निववितो तो वारा. गाडी वेगानें धांवत असली म्हणजे समोरून येणारा वारा पुरतो. ती उभी राहिली किंवा गोगलगायीच्या चालीनें सरकूं लागली म्हणजे वारा उरत नाहीं आणि पंख्याची गरज पडते.

अँबॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत हा पंखा पट्ट्यानें इंजिनाशींच जोडलेला असे. इंजिन फिरे तोंवर पंखा फिरे. त्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. परंतु त्यापूर्वींच, १९८३ सालीं मारुति ८०० आली तेव्हांपासून, इंजिन आडवें बसविण्याची पद्धत आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारांत आली होती. आडव्या इंजिनाचा फिरता दांडा रेडिएटरकडे तोंड करून नसतो, बाजूस असतो. म्हणून त्यास पट्ट्यानें पंखा जोडणें सोयीचें नाहीं. अशा गाड्यांत पंखा विजेवर चालतो. विजेच्या पंख्याचा गुण असा कीं, तो गरजेपुरताच फिरतो व इंजिनाची शक्ति वाया घालवीत नाहीं. दोष असा कीं, तो मुकाट्यानें बंद पडतो आणि वेगांत असतांना त्याचा पत्ताही लागत नाहीं.

या शेवटच्या वाक्यावरच आमच्या घरांतील एक प्रकरण उभें राहिलें. आमची गाडी अकरा वर्षांची. रविवारीं पहांटे आमचे धाकटे बंधु ती घेऊन पुण्याहून साताऱ्याकडे शेतावर जात. इतर दिवशीं ती आमच्या सूनबाईंच्या हातीं असे. आमच्या मातोश्रींच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांस आठवड्यांतून दोनदां व्यायामोपचारासाठीं न्यावें लागे; रिक्षांतील हिसके त्यांस सोसत नसत, व दिवसां घरांत मोकळ्या अशा सूनबाईच. मागील पावसाळा संपल्यावर गाडी तापूं लागली. तापे ती सूनबाई चालवीत तेव्हां. बंधूंच्या हातीं काटा मध्यावरून ढळत नसे. बंधूंनीं निर्णय देऊन टाकला, "दादा, ही क्लच दाबून ठेवते आणि गियर नीट बदलीत नाहीं. गाडीला हात ओळखावा लागतो." घरांतल्या इतरांनींही माना डोलावल्या. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं किल्ली खुंटीस अडकविली आणि गाडी चालविणें सोडलें. मातोश्रींचा उपचार दोन आठवडे बुडाला.

आतां "जेव्हां सूनबाई चालवितात तेव्हां गाडी तापते" ही व्याप्ति वरून पाहतां निर्दोष दिसते. परंतु ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस उपाधि म्हणजे काय तें ठाऊक असेल. अग्नि आहे तेथें धूर असतोच असें म्हटलें तर तें फसतें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुराचें खरें कारण अग्नि अधिक ओलें सर्पण. हें ओलें सर्पण म्हणजे उपाधि. तें दृष्टीआड राहिलें म्हणजे अनुमान चुकतें. आमच्या प्रकरणांत ओलें सर्पण कोणतें? सूनबाई चालवितात ती वेळ सकाळीं दहाची, रस्ता स्वारगेटचा, चाल मुंगीची. बंधु चालवितात ती वेळ पहांटेची, रस्ता मोकळा, वेग ताशीं सत्तर-ऐंशीं किलोमीटर. हात बदलतो तेव्हां वेगही बदलतो. मग ताप हाताचा कीं वेगाचा?

याचा निवाडा वादानें होत नाहीं, उलटापालट करून पाहण्यानें होतो. आम्हीं बंधूंस सांगितलें कीं, सोमवारीं सायंकाळीं सहा वाजतां गाडी स्वारगेटवरून तूं फिरवून आण. आणि पुढच्या रविवारीं पहांटे ती साताऱ्याकडे सूनबाई नेतील. सोमवारीं तिसऱ्या सिग्नलला काटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला, आणि बंधूंनीं गाडी कडेला घेतली. रविवारीं सूनबाईंनीं शंभर किलोमीटरांहून अधिक गाडी नेली. काटा मध्यावरच राहिला. घरांत मग या विषयावर कोणी बोललें नाहीं. किल्ली खुंटीवरून खालीं आली, व रोग गाडीचा आहे एवढें ठरलें.

येथून खऱ्या निदानास आरंभ झाला. माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. हीं पांचही विजेच्या पंख्यास लागूं पडतात, तीं कशीं तें सांगतों.

रूप म्हणजे प्रकट लक्षण. येथें पहिला प्रश्न एवढाच विचारावा: गाडी उभी असतां तापते कीं धांवतांना? उभी असतां तापून वेग घेतल्यावर निवत असेल, तर पहिला संशय पंख्याचा. धांवतांनाही किंवा घाट चढतांनाच तापत असेल, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदला आहे, थर्मोस्टॅट उघडत नाहीं किंवा पंप थकला आहे, असें शोधावें. या एका प्रश्नानें अर्धें काम होतें. परंतु तो विचारणारे कारागीर थोडे. आमची गाडी प्रथम ज्या ठिकाणीं दाखविली तेथें बॉनेट उघडण्यापूर्वींच "रेडिएटर बदला, मग हेडचें गॅस्केट पाहूं" असा पांच आंकडी अंदाज मिळाला होता. गॅस्केट गेलें असतां कूलंट वरचेवर घटतें, ऑइल दुधाळ होतें, मागून पांढरा धूर येतो. यांतील एकही लक्षण आमच्या गाडींत नव्हतें.

पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वींची सूचना. सूनबाईंस विचारतां त्या म्हणाल्या, "नाना, महिनाभर सिग्नलला थांबलें कीं ए. सी. कोमट वारा देतो, गाडी निघाली कीं पुनः गार." ही सूचना बहुमोल होती. ए. सी.चा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेंच असतो व उभ्या गाडींत त्यासही वारा देतो तो हाच पंखा. तेव्हां सिग्नलवर ए. सी. कोमट होऊं लागला म्हणजे काटा चढण्याची वाट न पाहतां पंख्याकडे पाहावें. जी माणसें गाडी रोज चालवितात त्यांस अशीं लक्षणें ठाऊक असतात. त्यांना विचारणारा मात्र लागतो.

हेतु म्हणजे कारण. त्यासाठीं गाडीची दिनचर्या पाहावी. आमची गल्ली सखल. पावसाळ्यांत गाडीचीं चाकें निम्मीं बुडतील इतकें पाणी तेथें सांचतें. पाणी आणि लोखंड एकत्र आलीं म्हणजे गंज आलाच. हें मनांत ठेवून पुढें गेलों.

उपशय म्हणजे उपाय करून पाहणें व गुण येतो कीं नाहीं त्यावरून रोग ओळखणें. विजेच्या पंख्याच्या बाबतींत हें साधन सर्वांत मोठें. त्यापूर्वीं पंख्यापर्यंत वीज कशी पोंचते हें समजून घ्यावें. कूलंटची उष्णता सेन्सर मोजतो व गाडीच्या संगणकास कळवितो. सुमारें ९५ ते १०० अंशांवर, गाडीपरत्वें थोड्या फरकानें, संगणक रिलेस आज्ञा देतो. रिले हा एक लहान डबा; त्यांतील बारीक तारेचें वेटोळें लोहचुंबक बनून एक पत्रा ओढून घेतें, आणि त्या पत्र्यावरून मोठा प्रवाह वाहूं लागतो. तो प्रवाह बॅटरींतून फ्यूजमार्गें रिलेंत, तेथून पंख्याच्या मोटरींत, आणि मोटरींतून अर्थिंगच्या तारेनें गाडीच्या सांगाड्यांत उतरून बॅटरीस परत येतो. या सांखळींतील कोणतीही एक कडी तुटली तरी पंखा थांबतो आणि बाहेरून लक्षण एकच दिसतें.

परीक्षेपूर्वीं एक सावधगिरी. हा पंखा कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावरही आपोआप सुरू होतो. म्हणून गाडी चालू असतां फक्त डोळ्यांनीं पाहावें. पदर, ओढणी, धोतराचा सोगा व लहान मुलें दूर ठेवावीं. पंख्यास हात लावावयाचा असेल तेव्हां आधीं बॅटरीची ऋण तार काढावी. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. आंतील कूलंट दाबाखालीं असतें, दाब सुटतांच उकळून अंगावर येतें.

पहिली परीक्षा: गाडी सुरू करून ए. सी. लावावा. बहुतेक गाड्यांत ए. सी. लागला कीं थोड्याच वेळांत पंखा फिरतो. तो असा फिरला आणि तापल्यावर मात्र फिरला नाहीं, तर मोटर बरी आहे. दोष सेन्सरकडे असण्याचा संभव अधिक. आमचा पंखा ए. सी.नेंही हालला नाहीं.

दुसरी परीक्षा: बॅटरीची तार काढून पातीं हातानें फिरवावीं. तीं जड जात असतील तर बेअरिंग धरलें आहे. चालू स्थितींत मोटरीच्या पाठीवर लांकडी दांड्यानें हळूच ठोकतां पंखा फिरूं लागला तर आंतील कार्बन झिजले आहेत व मोटर फार दिवसांची सोबती नाहीं. आमचीं पातीं हलकीं फिरलीं.

तिसरी परीक्षा फ्यूजची. जळला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा. तोही लगेच जळाला तर तार कोठें तरी सांगाड्यास लागली आहे किंवा मोटर अडकून अधिक प्रवाह ओढते आहे. अशा वेळीं अधिक ताकदीचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणें म्हणजे राखणदारास झोंपविणें होय. मग फ्यूजऐवजीं तार जळते व आगीचा प्रसंग येतो. आमचा फ्यूज शाबूत होता.

चौथी परीक्षा रिलेची. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असतो. तसा असल्यास दोहोंची अदलाबदल करावी. पंखा फिरला आणि हॉर्न गप्प झाला तर चोर सांपडला. केवळ 'टक्' असा आवाज ऐकून रिले बरा आहे असें मानूं नये. पत्रा ओढला जातो परंतु त्याचें टोंक जळून खडबडीत झालेलें असतें, असेंही होतें. आम्हीं अदलाबदल केली; हॉर्न वाजत राहिला, पंखा थांबूनच राहिला.

पांचवी परीक्षा सेन्सरची. आजच्या पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला असतां संगणक सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो. जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजीं दोन तारांचा साधा उष्णतेचा स्विच असतो. त्याच्या कपलरमधील दोन तारा जोडल्या म्हणजे पंखा फिरला पाहिजे. आमच्या गाडींत कपलर काढतांच रिलेनें 'टक्' केलें. म्हणजे आज्ञा निघत होती, पाळली जात नव्हती.

सहावी परीक्षा मोटरीचीच. तिचा कपलर काढून, पातीं मोकळीं आहेत हें पाहून, बॅटरीपासून फ्यूज घातलेल्या दोन जाड तारांनीं तिला सरळ वीज द्यावी. आमचा पंखा वावटळीसारखा फिरला. दुसऱ्या एका कारागिरानें मीटर लावून "बारा व्होल्ट येतात, म्हणजे मोटर मेली" असें सांगितलें होतें. त्या मेलेल्या मोटरीनें सूनबाईंच्या हातांतील कागद उडविला.

मग बारा व्होल्ट येत असून पंखा कां फिरत नव्हता? येथें संप्राप्ति, म्हणजे दोष कोणत्या मार्गानें जाऊन रोग उत्पन्न करतो त्याचा विचार, कामास आली. मीटर अत्यंत अल्प प्रवाह घेतो; शंभर धाग्यांच्या तारेंत एक धागा उरला असला तरी तो बारा व्होल्ट दाखवितो. पंख्यास दहा-पंधरा अँपियर लागतात. ते एका धाग्यांतून कोठून येणार? म्हणून परीक्षा भाराखालीं करावी. इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा घेऊन त्यास दोन तारा जोडल्या कीं साधन तयार झालें. मात्र हा दिवा पंख्याच्या जाड तारांवरच वापरावा; सेन्सरच्या बारीक तारांवर लावल्यास संगणकास अपाय होऊं शकतो.

सूनबाईंनीं तो दिवा, गाडी व ए. सी. चालू ठेवून, पंख्याच्या कपलरमधील दोन टोंकांमध्यें धरला. तो विझत्या निखाऱ्यासारखा मिणमिणला. मग एक तार त्याच येत्या टोंकास ठेवून दुसरी सरळ बॅटरीच्या ऋण टोंकास लावली. दिवा लख्ख पेटला. म्हणजे वीज येत होती. तिला परत जाण्यास वाट नव्हती. त्या कारागिरानें मीटरची एक तार इंजिनास लावली होती, म्हणून परतीच्या तारेची परीक्षा झालीच नव्हती. ती तार आम्हीं धरून धरून पाहत गेलों. डाव्या दिव्याखालीं ती एका बोल्टनें सांगाड्यास जोडलेली होती आणि तेथें हिरवट-तांबड्या गंजाचा थर बसला होता. बोल्ट काढला, पत्रा व तारेचें टोंक पॉलिश कागदानें घांसून लखलखीत केलें, नवा बोल्ट आंवळला, वर थोडें ग्रीस लावलें. गाडी सुरू करतांच पंखा फिरला. खर्च बोल्टाचा आणि कागदाचा.

या रोगाचे दुसरेही प्रकार आहेत, ते थोडक्यांत सांगतों. पंखा सदासर्वदा फिरतच राहिला, तर रिलेचा पत्रा चिकटला असेल किंवा सेन्सर बिघडल्यामुळें संगणक भीतीनें पंखा चालू ठेवीत असेल; रात्रभर तसाच राहिला तर सकाळीं बॅटरी उतरलेली मिळते. परंतु गाडी बंद केल्यावर दोन-चार मिनिटें फिरून थांबणें हें कित्येक गाड्यांत आरोग्याचेंच लक्षण आहे. दोन वेगांच्या कांहीं पंख्यांत जलद वेग चालतो व मंद चालत नाहीं. तेथें बहुधा मंद वेगासाठीं लावलेला रेझिस्टर जळालेला असतो. नवी मोटर बसविल्यावरही गाडी तापत असेल तर पंखा उलटा फिरत नाहीं ना, हें पाहावें. पंखा रेडिएटरच्या इंजिनाकडील बाजूस असल्यास पुढल्या जाळीवर धरलेला कागद आंत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तो दूर ढकलला जात असेल तर तारा उलट लागल्या आहेत. संगणकाचा स्कॅनर जोडणारे लोक पी ०४८० असा संकेत दाखवितील. त्याचा अर्थ पहिल्या पंख्याच्या आज्ञावाहक मंडलांत दोष आहे एवढाच. अमुक वस्तु बदला असा त्याचा अर्थ नव्हे. वाट त्यानें दाखविली तरी शोध आपणांसच करावा लागतो.

आणि रस्त्यांतच काटा चढूं लागला तर? ए. सी. बंद करावा, गाडींतील हीटर पूर्ण उष्णतेवर व त्याचा झोत पूर्ण जोरावर ठेवावा. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून बाहेर टाकतो. उन्हाळ्यांत हा उपाय विपरीत वाटेल, परंतु इंजिन वांचवितो. काटा तरीही उतरला नाहीं तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें आणि पुरती निवेपर्यंत झांकणास हात लावूं नये. तशीच दामटली तर हेड वांकतें, आणि मग बोल्टाच्या किमतीचें दुखणें खरोखरच पांच आंकड्यांवर जातें.

मातोश्रींचा उपचार पुनः सुरू झाला आहे आणि त्या आतां काठीच्या आधारानें अंगणापर्यंत जातात. आमचे बंधु हल्लीं गाडीविषयीं कांहीं विचारावयाचें झाल्यास प्रथम सूनबाईंस विचारतात. यंत्रें घरांत वाढत चाललीं आहेत, तेव्हां बिघाडही वाढणारच. बिघाड झाला कीं शेवटीं हात कोणाचा लागला होता हें आधीं विचारण्याची आपल्या घरांतून चाल आहे. तो प्रश्न मागाहून विचारावा. सांखळी टोंकापासून टोंकापर्यंत, परतीच्या तारेसह, पाहून झाली म्हणजे बहुधा तो विचारण्याचें कारणच उरत नाहीं. आणि सांखळी पाहावयास बसतांना गाडी रोज ज्याच्या हातीं असते त्यास शेजारीं बसवून घ्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.